संमती कोणाला दिली होती?

(सणसर, ता. इंदापूर येथील कौटुंबिक मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ. विषय नाजूक असला तरी प्रत्येक घराशी निगडित आहे, म्हणून वाचकांसाठी तो येथे देत आहोत.)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आई, मुलगी, सून आणि आजोबा एकाच सतरंजीवर बसले असताना हा विषय कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वार्ताहर म्हणून न्यायालयांच्या आवारात बरीच वर्षे वावरल्यानंतर माझे एक मत ठाम झाले आहे. जी गोष्ट घरात मोकळेपणाने बोलली जात नाही, ती पुढे पोलीस ठाण्यात, परक्या माणसांसमोर बोलावी लागते. तेव्हा येथेच बोललेले बरे.

प्रश्न साधा आहे. एका सज्ञान स्त्रीने कोणाच्याही धाकाशिवाय, आपण होऊन एका पुरुषाला होकार दिला. पुढे तिला कळले की तो सांगत होता तो नव्हताच. नाव वेगळे, घर वेगळे, कदाचित घरी पहिली बायको आणि मुलेही. मग तिने दिलेला होकार हा होकार उरतो काय? कायद्याच्या दृष्टीने तिच्यावर अत्याचार झाला, की ती केवळ फसली?

तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून काटेवाडीमार्गे आपल्या सणसरला मुक्कामाला येते. त्या रात्री दारी आलेल्या वारकऱ्याला आपण नाव, गाव, कूळ विचारीत नाही. भाकरी वाढतो, ओसरी देतो. मात्र तोच माणूस उद्या सोयरिकीला आला, तर आपण चार गावांत चौकशी करतो. हा दुटप्पीपणा नव्हे. ज्या नात्यात आपण जितके अधिक देतो, तितके अधिक सत्य मागण्याचा आपल्याला अधिकार असतो. स्त्री जेव्हा आपले सर्वस्व विश्वासाने एखाद्यावर सोपविते, तेव्हा समोरचा माणूस कोण आहे हे जाणण्याचा तिचा अधिकार सर्वांत मोठा असतो. आजच्या विवेचनाचा गाभा हाच आहे.

तोतयाचा धडा

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. त्यासाठी आपल्या भाषेत एक धारदार शब्दच आहे : तोतया. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या मृत्यूविषयी संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. याच आशेचा फायदा घेऊन एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याचे सोंग उघडे पडून तो कैदेत गेला. पुढे १७७६ च्या सुमारास कोकणात त्याने मोठे बंड उभारले, कित्येक मातब्बर माणसे त्याला सामील झाली. अखेर पुन्हा चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते याच प्रकरणावर.

इतिहासकार या प्रकरणाकडे राजकारण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शनिवारवाड्यात बसलेल्या त्या स्त्रीचा विचार करा. हा माणूस खरा ठरता, तर तो तिचा पती म्हणून वाड्यात आला असता. तिने त्याचा स्वीकार केला असता, तर तो स्वीकार कोणाचा? पानिपतावर गेलेल्या भाऊंचा, की सोंग घेऊन आलेल्या परक्याचा?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३७५ व्या कलमात बलात्काराचे जे प्रकार सांगितले होते, त्यांतील चौथा नेमका हाच होता. आपण हिचे पती नाही हे पुरुषाला ठाऊक आहे, आणि स्त्री मात्र त्याला आपला कायदेशीर पती समजून संमती देत आहे, अशा वेळी ती संमती कायदा मानत नाही. तो बलात्कारच होय. खुद्द इंग्लंडमध्ये नवऱ्याचे सोंग घेण्याविषयी न्यायालयांचे निर्णय उलटसुलट होत होते आणि तेथील कायद्याने १८८५ मध्ये हा वाद मिटविला. आपल्याकडे ती तरतूद पंचवीस वर्षे आधीच आली होती. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात ती तशीच कायम आहे.

होकार म्हणजे काय?

संमती म्हणजे केवळ 'नाही' न म्हणणे नव्हे, हे आपल्या देशाला शिकविणारा खटला महाराष्ट्रातीलच आहे. १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका वनवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो आरोप होता. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, हे त्या खंडपीठाने ओळखले होते. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यामागील एक मोठे कारण होते. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर वादळ उठले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिले की, संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली मान्यता. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही.

भीतीने दिलेला होकार खरा नसतो, हे आपण असे शिकलो. मग फसवून घेतलेल्या होकाराचे काय? जुन्या संहितेचे ९० वे आणि नव्या संहितेचे २८ वे कलम सांगते की, वस्तुस्थितीविषयी गैरसमज होऊन दिलेली संमती ही संमती नव्हे. मात्र एक अट आहे. ही संमती त्या गैरसमजामुळेच मिळाली आहे, हे समोरच्याला ठाऊक असले पाहिजे किंवा तसे समजण्यास त्याला कारण असले पाहिजे. गैरसमज एकीचा आणि जाणीव दुसऱ्याची, असे दोन्ही पाय भक्कम असल्याशिवाय हे कलम उभे राहत नाही.

सोंग आणि थाप

आता खरी अडचण सुरू होते. दुसऱ्याचे सोंग घेणारा तोतया ओळखणे सोपे. परंतु माणूस तोच आहे आणि त्याने स्वतःविषयी खोटे सांगितले आहे, तर? पगार फुगवून सांगितला, वय चोरले, दोन एकरांचे दहा एकर केले. अशा प्रत्येक थापेला बलात्कार म्हणू लागलो, तर निम्मी लग्ने तुरुंगात जातील! आणि कोणतीच थाप मोजायची नाही म्हटले, तर फसवणाऱ्याला मोकळे रान मिळेल. न्यायालये गेली कित्येक वर्षे ही रेषा आखीत आहेत.

चंडीगडच्या एका प्रकरणात, पहिला विवाह लपवून एकाने दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले होते. तिला सत्य कळले ते काही वर्षांनी. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बलात्काराची शिक्षा कायम ठेवली. माणूस तोच होता, परंतु कायदेशीर पती म्हणून त्याने जी जागा घेतली ती खोटी होती, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

याउलट महाराष्ट्रातील एका प्रकरणात, ऑगस्ट २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. दोघे सुशिक्षित, नोकरदार, वर्षानुवर्षांचा परिचय. लग्नाचे वचन जातीच्या कारणावरून मोडले गेले. न्यायालयाने दोन कसोट्या घालून दिल्या. वचन देतानाच ते पाळायचे नाही असा हेतू होता काय? आणि स्त्रीचा निर्णय थेट त्याच वचनावर आधारलेला होता काय? वचन मोडणे वेगळे आणि मुळातच खोटे वचन देणे वेगळे. मे २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील एका प्रकरणातही, बिघडलेल्या संबंधाला मागाहून गुन्ह्याचे रूप देता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने खटला रद्द केला.

मित्रहो, हे निर्णय स्त्रीविरोधी आहेत असे समजू नका. कायद्याची धार वाटेल तेथे वापरली की ती बोथट होते, आणि खरोखर फसवल्या गेलेल्या मुलीच्या वेळी ती चालत नाही.

कलम ६९ : नवे काय आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे ६९ वे कलम या विषयावर आहे. कपटाने, किंवा पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन, पुरुषाने स्त्रीशी संबंध ठेवले आणि ते बलात्काराच्या व्याख्येत बसत नसले, तरी तो आता स्वतंत्र गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कपटाच्या स्पष्टीकरणात नोकरी वा बढतीचे खोटे आमिष तर आहेच, शिवाय 'ओळख लपवून विवाह करणे' हेही शब्द आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये हे विधेयक लोकसभेत मांडताना गृहमंत्री अमित शहा यांनी खोट्या ओळखीचा मुद्दा आवर्जून मांडला होता.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कायद्याने आता दोन पायऱ्या केल्या आहेत. पतीचे सोंग घेणारा तोतया बलात्कारी ठरतो. त्याला किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. ओळख लपवून फसविणारा त्याखालच्या पायरीवर आहे. त्याला कमाल दहा वर्षे, किमान शिक्षा ठरविलेली नाही. पूर्वी हा दुसरा माणूस पुष्कळदा दोन्ही कलमांच्या फटीतून निसटून जात असे. ती फट आता बुजली आहे.

जुनी हत्यारेही कायम आहेत. विवाह झाला आहे असे भासवून स्त्रीला सहवासास प्रवृत्त करणे हा कलम ८१ खाली, आणि पहिले लग्न लपवून दुसरे करणे हा कलम ८२ खाली गुन्हा आहे. दोन्हींत दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ओळख कशाला म्हणावे?

संहितेने 'ओळख' या शब्दाची व्याख्या केलेली नाही. नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, जात, व्यवसाय यांतले काय ओळखीत मोडते, हे खटल्यागणिक न्यायालयांना ठरवावे लागणार आहे. इतर देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्याने संमती नसल्याचे ठामपणे गृहीत धरण्यासाठी फसवणुकीच्या दोनच गोष्टी सांगितल्या : कृत्याचे स्वरूप वा उद्देश लपविणे, आणि स्त्रीच्या परिचयातील माणसाचे सोंग घेणे. इस्रायलमध्ये २०१० साली, आपण ज्यू आणि अविवाहित असल्याचे भासविणाऱ्या एका अरब पुरुषाला शिक्षा झाली. मूळ आरोप बळजबरीचा होता, तडजोडीत तो फसवणुकीचा झाला, वरच्या न्यायालयाने पुढे शिक्षा कमी केली आणि त्या निकालावर जगभर वाद झाला.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की ती लगेच धर्माच्या प्रश्नाकडे वळते. या साप्ताहिकाच्या वाचकांना तो प्रश्न जवळचा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. खोटे नाव, खोटा धर्म सांगून मुलीला जाळ्यात ओढले असेल, तर तो गुन्हा आहे आणि त्याचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु कायद्याने गुन्हा ठरविले आहे ते कपट. धर्माचे नाव त्या कलमात कोठेही नाही. पहिली बायको गावी ठेवून पुण्यात अविवाहित म्हणून मिरविणारा आपल्याच आळीतला, आपल्याच जातीचा तरुण याच कलमाखाली तितकाच दोषी आहे. आणि सर्व काही जाणून, समजून एखाद्या सज्ञान मुलीने आपला जोडीदार निवडला असेल, तर तेथे कपट नाही, म्हणून गुन्हाही नाही. केरळमधील गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञान स्त्रीचा हा अधिकार मान्य केला आहे. आपल्याला निवड पटली नाही म्हणून तिला फसवणूक म्हणणे, हेही एक प्रकारचे असत्यच होय. कायद्याचा आधार मागणाऱ्याने आधी स्वतः सत्याच्या बाजूला उभे राहावे लागते.

ठरवून केलेल्या लग्नांतील खोटे

फसवणूक केवळ प्रेमविवाहात होते असा एक समज आहे. तो खरा नाही. मध्यस्थाने जुळविलेल्या, पत्रिका पाहून केलेल्या लग्नांतही पहिला विवाह, गंभीर आजार, व्यसन, सुटलेली नोकरी हे सारे लपविले जाते. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमानुसार फसवणुकीने झालेला विवाह रद्द करून घेता येतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. वधूचा फेफऱ्याचा आजार लपविला, ही वराची तक्रार. त्या वेळच्या शब्दांनुसार ही फसवणूक ठरत नाही, असा निर्णय झाला. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातच 'जोडीदाराविषयीची कोणतीही महत्त्वाची वस्तुस्थिती' असे शब्द आले. मात्र लपविलेले सत्य कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही आपखुशीने संसार केला असेल, तर हा मार्ग बंद होतो. 'थोडे थांबू, लोक काय म्हणतील' असे म्हणत बसणारी घरे हे वर्ष हमखास गमावून बसतात.

फसवणूक मुलांचीही होते. मुली मिळत नाहीत म्हणून हवालदिल झालेल्या घरात दलाल पैसे घेऊन नवरी आणतो आणि ती चार दिवसांत दागिन्यांसह नाहीशी होते, अशा बातम्या आपल्या भागातील वृत्तपत्रांत वारंवार येतात. कलम ६९ केवळ स्त्रीला संरक्षण देते. फसलेल्या मुलाला मात्र ठकवणूक आणि तोतयेगिरीच्या कलमांचा आधार आहे.

जमीन घेताना आपण सात-बारा पाहतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का ते पाहतो. माणसाचा उतारा मात्र गोड बोलण्यावर विश्वास ठेवून सोडून देतो! आता मुले बारामतीच्या, पुण्याच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करतात, मोबाईलवर ओळखी होतात, विवाहजुळणीच्या संकेतस्थळांवर स्थळे येतात. चार गावांतील चौकशी तेथे चालत नाही. म्हणून मुला-मुलींनाच सांगा : ज्याच्याशी आयुष्य जोडायचे त्याचे घर पाहा, त्याच्या माणसांना भेटा, शिक्षणाची आणि नोकरीची कागदपत्रे मागा, पूर्वी लग्न झाले होते का हे सरळ विचारा. विचारताना संकोच वाटू देऊ नका. ज्याचे सारे सरळ आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. विवाहाची नोंदणी ग्रामपंचायतीत वा निबंधकाकडे न चुकता करा. आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न होत असेल, तर तेथील तीस दिवसांची नोटीस ही सत्य तपासण्याची संधी माना.

आणि तरीही फसवणूक झालीच, तर गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो. हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. संदेश, छायाचित्रे, पैशांचे व्यवहार रागाच्या भरात पुसून टाकू नका. तोच पुरावा असतो. आणखी एक. अशा प्रकरणातील पीडितेचे नाव वा ओळख छापणे, प्रसिद्ध करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. हे केवळ आम्हां पत्रकारांना लागू नाही. गावच्या मोबाईल गटावर तिचा फोटो पुढे ढकलणारालाही ते लागू आहे.

शिळा कोणाची व्हावी?

अहल्येची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. इंद्र गौतमांचे रूप घेऊन आला. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात अहल्येने त्याला ओळखले होते असे सांगितले आहे. नंतरच्या अनेक कथांत ती पूर्णपणे फसवली गेली असे सांगितले आहे. म्हणजे 'तिला ठाऊक होते काय?' हा न्यायालयातला प्रश्न आपल्या परंपरेनेही विचारला आहे. वृंदेची कथा तर घराघरांत दर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला आठवते. पतीचे रूप घेऊन आलेला प्रत्यक्ष विष्णू होता, तरी वृंदेने त्याला शाप दिला आणि देवाला तो मुकाट्याने भोगावा लागला. कपट करणारा कितीही थोर असो, फसवल्या गेलेल्या स्त्रीचा संताप न्याय्य आहे, हेच यातून सुचविले आहे.

परंतु समाज म्हणून आपण काय केले? इंद्राला विसरलो आणि अहल्येची शिळा केली. आजही मुलगी फसली की गाव तिच्याच वागण्याचा हिशेब मांडते. ती अशी का बोलली, तिथे का गेली, आईवडिलांना का सांगितले नाही. ज्याने खोटे नाव सांगितले, त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. म्हणूनच पुष्कळ मुली तक्रार करीत नाहीत, आणि तोच माणूस दुसऱ्या गावात नवे नाव घेऊन उभा राहतो.

सकाळी पंचकन्यांचे स्मरण करताना आपण पहिले नाव अहल्येचे घेतो. ते केवळ ओठांवर राहू नये. आपल्या घरातील, आळीतील एखादी मुलगी रडत दाराशी आली, तर तिला पहिला प्रश्न 'तू अशी कशी फसलीस?' हा नको. 'त्याने तुला काय सांगितले होते?' हा हवा. कायद्याने आता हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. घरानेही तो विचारावा, एवढीच आपणां सर्वांना विनंती.